दीपगृहात डिझेल कोण भरतं

त्या बेटावरच्या माणसांचा मला मनापासून राग यायचा. बोट फुटून किनाऱ्याला लागलेली ती मंडळी आठवडेच्या आठवडे एकमेकांच्या तोंडाकडे बघत हिंडायची, पण ज्याला जे कळलंय ते त्याने दुसऱ्याला कधी सांगितलं नाही. एकाला जंगलात बुटाचे ठसे दिसायचे, तो गप्प. एकीला झाडीतून शीळ ऐकू यायची, तीही गप्प. मग भागाच्या शेवटी दोघं समोरासमोर येणार, एक जण तोंड उघडणार आणि तेवढ्यात जाहिरात. मी हातातली उशी आपटायचे. आई मटार सोलता सोलता शांतपणे म्हणायची, सांगून टाकलं तर मालिका संपेल, मग त्या लोकांनी खायचं काय.

मालिका इंग्रजी होती. नाशकात तेव्हा भारनियमन जोरात होतं आणि आमच्या भागातली वीज नेमकी मालिकेच्या वेळेला जायची. म्हणून आम्ही रविवारी सकाळी होणारं पुनःप्रक्षेपण बघायचो. खाली अक्षरं यायची नाहीत. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं, त्यामुळे बाबांच्या हिशेबी मला जगातलं सगळं इंग्रजी समजायला हवं होतं. प्रत्यक्षात ती माणसं तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलायची आणि मला निम्मंच कळायचं. बाबा प्रत्येक वाक्याला विचारायचे, काय म्हणाला तो. मी सांगेपर्यंत पुढची तीन वाक्यं निघून जायची.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण मला इंग्रजीचं मराठी करून झालं की मराठीचं मराठीही करावं लागायचं. कारण बाबा आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हते.

आमचं घर अंबडच्या अलीकडच्या कॉलनीत, कारखान्यातल्या माणसांच्या वस्तीत. बाबांनी सगळी नोकरी एकाच कारखान्याच्या मेन्टेनन्समध्ये केली. दादाने डिप्लोमा केल्यावर बाबांनीच शब्द टाकून त्याला दुसऱ्या एका कंपनीत चिकटवलं होतं आणि तो तिथे पर्मनंटही झाला होता. आमच्या कॉलनीत पर्मनंट या शब्दाला काय किंमत होती ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. मुलगी देताना लोक मुलाचा रंग बघत नसत, पर्मनंट आहे का एवढं विचारत. अशी नोकरी सोडून दादा दिंडोरीच्या बाजूला नव्याने निघालेल्या एका वायनरीत लागला. द्राक्षाच्या रसाच्या टाक्या, पंप, थंड ठेवायची यंत्रं, सगळं त्याच्याकडे. बाबा माळकरी. दारूचा थेंब आमच्या घराण्यात कोणी घेतला नव्हता, आणि आता पोरगा दारू बनवणार होता.

तरी खरं दुखणं दारूचं नव्हतं. बाबांना ही बातमी भाजीबाजारात कळली. जुन्या ओळखीच्या एकाने मेथीची जुडी निवडता निवडता विचारलं, काय हो, पोराने राजीनामा दिला म्हणे. बाबा घरी आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि आईला म्हणाले, "मला बाजारात कळलं." त्यानंतर ते दादाशी बोलले नाहीत.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आदळआपट झाली असती, कोणी उपाशी झोपलं असतं, दुसऱ्या दिवशी सगळं निवळलं असतं. आमच्याकडे तसं काहीच झालं नाही. जेवायला दोघं एकाच वेळी बसायचे. बाबा मला म्हणायचे, त्याला आमटी वाढ. दादा मला म्हणायचा, बाबांना विचार गॅसचा नंबर लावला का. दोघांच्या मध्ये मी, माझ्या हातात पळी. त्यात बाबांचा एक नेम होता. दादा जे बोलला ते मी पुन्हा सांगितल्याशिवाय त्यांना ऐकू गेलेलं नसायचं. हाताच्या अंतरावर बसलेला माणूस खणखणीत आवाजात विचारतोय की नंबर लावला का, आणि बाबा माझ्याकडे बघून विचारतायत, काय म्हणतोय. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ असतो म्हणतात. माझा फक्त घसा बसला.

ती मालिका आली आणि दोघं रविवारी एका खोलीत बसू लागले. बेटावर एक दीपगृह होतं. त्याला दार नव्हतं. निदान कोणाला सापडलं नव्हतं. आणि अंधार पडला की त्याचा दिवा आपोआप लागायचा. बाकीच्या जगाला प्रश्न पडला असेल की त्यात कोण राहतं, भूत आहे की शत्रू. बाबांना पहिल्या भागापासून एकच प्रश्न.

"डिझेल कोण भरतं?"

मला काय माहीत कोण भरतं. मी तसं सांगितलं. तेव्हा खाटेवरून दादा म्हणाला, बाबांना सांग, सोलरवर असेल. मी सांगितलं. बाबा म्हणाले, त्याला म्हणावं चार भाग नुसता पाऊस चाललाय, सोलर कसलं चार्ज होतंय. दादा म्हणाला, बॅटरी बॅकअप. बाबा म्हणाले, एवढ्या मोठ्या दिव्याला? इकडे पडद्यावर एका बाईला तिचा हरवलेला नवरा दिसला होता आणि ती त्याला काय म्हणाली ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढे द्राक्षांचा हंगाम आला आणि दादाला रविवारीही कामावर जावं लागायचं. बाबा तेव्हा मालिका जास्तच कान देऊन ऐकायचे आणि मला बजावायचे की नीट लक्षात ठेव, कोणाला सांगावी लागली तर. कोणाला ते बोलायचे नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय घरात एकदा लागली की सुटत नाही. संध्याकाळी दादा आला की मी त्याला गोष्ट सांगायची आणि शेजारी पेपर वाचत बसलेले बाबा माझ्या चुका दुरुस्त करायचे. मला उद्देशून, अर्थातच.

दादा घरी असलेल्या एका रविवारी मात्र मला वाटलं, सुटलं एकदाचं. दिव्यावरून विषय जनरेटरवर आला आणि दादा सांगू लागला की त्याच्या कंपनीत वीज गेली की रस तापून बिघडू नये म्हणून जनरेटरवर टाक्या थंड ठेवाव्या लागतात. बाबांनी टीव्हीकडचं तोंड वळवलं. कॉम्प्रेसर कुठला आहे विचार. अमोनियावर आहे का विचार. लाइन किती लांब आहे, गळती कशी धरतात, विचार. मी इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी, अमोनिया इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेत होते. बाबांचे डोळे असे लकाकलेले मी ते रिटायर झाल्यापासून पाहिले नव्हते. दादाही पुढे सरकून बसला होता. आई मटार सोलणं थांबवून माझ्याकडे बघत होती. आणि मग दादाने घाई केली. तो म्हणाला, "बाबांना म्हणावं, एकदा येऊन बघा. दाखवतो सगळं."

मी ते पुन्हा सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही, सांगावंच लागणार होतं. बाबा उठले आणि तुळशीला पाणी घालायला गेले. सकाळी एकदा घालून झालं होतं.

पाडवा जवळ आला तेव्हा दादाने मला मागच्या दारी बोलावून सांगितलं की कंपनी दिंडोरीला खोली देतेय आणि तो चाललाय. जाऊन येऊन करण्याचा प्रश्न नव्हता, रोजचा तेवढा रस्ता त्याला जमतच होता. त्याला या घरात बसवत नव्हतं. "त्यांनी एकदा जरी विचारलं ना, का सोडलीस म्हणून, तरी मी थांबेन," तो म्हणाला. "शिव्या दिल्या तरी चालतील."

मी त्याच दिवशी बाबांना सांगितलं. दादा चाललाय, तुम्ही फक्त एकदा विचारा. बाबा चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, त्याने मला कुठे सांगितलंय? मला पुन्हा दुसऱ्याच्याच तोंडून कळतंय.

ते खोटं नव्हतं. आणि दादाचंही खोटं नव्हतं. म्हणूनच मला दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावीशी वाटत होती. बेटावरच्या लोकांना निदान कोणीतरी लिहून दिलं होतं गप्प बसायला.

शेवटचा भाग दादा जायच्या आदल्या रविवारी लागला. त्या दिवशी वीज होती, केबलवाल्यानेही चॅनल जागेवर ठेवला होता, म्हणजे कोणाला सबब नव्हती. बेटवाल्यांना अखेर दीपगृहाचं दार सापडलं. पाण्याखाली होतं. तिघं जण गोल जिना चढत गेले. वरच्या खोलीच्या कडीवर हात ठेवला. बाबा खुर्चीच्या कडेवर आले होते. कडी सरकली, दार उघडलं, डोळे दिपवणारा प्रकाश, आणि संपलं. नावांच्या पाट्या सुरू झाल्या. पुढचं काय ते मालिकेच्या पुढच्या हंगामात, कित्येक महिन्यांनी.

बाबा इतके चिडले की त्यांचा आवाज फाटला. "इतके महिने माणसाला समोर बसवून ठेवायचं आणि सांगायचंच नाही?" ते म्हणाले. "शोभतं का हे?"

पाट्यांचं संगीत वाजत होतं. दादा खाली मान घालून बसला होता, आणि तो बोलला तेव्हा माझ्याकडे बघून बोलला, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"सांगणार होतो. तिकडची नेमणुकीची ऑर्डर हातात यायची वाट बघत होतो. नाही आली असती तर उगाच त्यांच्या जिवाला घोर लागला असता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतोय?"

इतक्या महिन्यांचा संताप माझ्या तोंडाशी आला. मी म्हटलं, मी नाही सांगणार. तुम्हाला ऐकू आलंय. भिंतीपलीकडच्या काकूंनाही ऐकू आलं असेल. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी वाजवत राहिले, आणि सारा वेळ कान बाहेर लावून होते. थोड्या वेळाने ऐकू आला तो फक्त टीव्ही बंद झाल्याचा आवाज.

दादा निघाला त्या सकाळी एक बॅग, एक गादीची वळकटी, एवढंच सामान होतं. मोटारसायकलला वळकटी बांधायला बाबा आले. दोरी त्यांनी सोडून पुन्हा आवळली, दादाने बांधलेली त्यांना पटली नव्हती. आईने हातावर दही दिलं. दादा तिच्या पाया पडला, मग बाबांच्याही पडला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला की नाही ते माझ्या जागेवरून दिसलं नाही. मग तो आईला म्हणाला, "जातो."

आमच्यात कोणी असं म्हणत नाही. बाहेर पडणारा माणूस येतो म्हणतो, कोपऱ्यावर दूध आणायला जाणारासुद्धा. जातो म्हणणं अभद्र. आईचा चेहरा पडला. दादाला ते कळलं होतं, मुद्दाम म्हटलं होतं त्याने. तो गाडीवर बसला.

बाबा फाटकाची कडी धरून उभे होते. ते मला म्हणाले, "त्याला म्हणावं, येतो म्हणून जावं."

दादा त्यांच्यापासून एका पावलावर होता. मी दोघांकडे बघत तशीच उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांत नुसत्या रागाने पाणी आलं. दादाने हेल्मेट डोक्यावर चढवायचं थांबवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"येतो म्हणावं," तो मला म्हणाला.

आता माझी पाळी होती. मी तोंड उघडलं, पण शब्द निघायच्या आधीच बाबा म्हणाले, "ऐकलं मी."