हमरापूरच्या कारखान्याचं नाव माझ्यामुळे गेलं

मंडळी, तुमच्यापैकी काहींच्या परदेशातल्या घरी हमरापूरच्या काकांकडचे गणपती येतात. त्यांच्या कारखान्याच्या नावाची वेबसाइट दोन वर्षांपूर्वी मीच केली. इंटरनेटवरचं नाव मुदतीत पैसे भरून राखावं लागतं. त्याची सूचना माझ्या कॉलेजच्या जुन्या ईमेलवर गेली. तो बंद झाला होता आणि पत्ता बदलायचं मी विसरले. मुदत संपल्यावर नावांच्या एका अमेरिकन व्यापाऱ्याने ते घेतलं. आता तिथे फक्त ‘विकणे आहे’ असं लिहिलेलं दिसतं.

आज सकाळी मी पेणहून हमरापूरला हे सांगायला गेले. काका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. दुसरा डोळा पुरा होईपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून थांबले. मग सांगितलं.

“नाव आमचा, आन इकतो तो?” काकांनी विचारलं.

“बारशाला कोनी सांगितला नाय गो, नाव भाड्याचा हाय म्हनून,” काकी म्हणाल्या.

व्यापारी मागतो ती किंमत काकांना झेपणारी नाही. परदेशच्या ऑर्डरी मात्र याच महिन्यात येतात.

काकांनी कुंचला खाली ठेवला. “गिऱ्हाइकांना सांगू, आमीच नाव बदलला. तुजा नाव नको घेऊ. उद्या तुला काम कोन देल?”

मी हो म्हटलं नाही.

म्हणून इथे लिहिते आहे. वेबसाइटच्या जुन्या पत्त्यावर ऑर्डर पाठवू नका, थेट काकांना फोन करा. चूक त्यांची नाही, माझी आहे. कुणी विचारलं तर असंच सांगाल ना?