वरातीच्या गाडीचा डावा दिवा

ताईचे लग्न तोंडावर आले असताना आमच्या मोटारीचा डावा दिवा गेला.

बाबांनी लढाईच्या काळात कल्याणच्या छावणीत लष्करी ट्रक चालवले होते. लढाई संपल्यावर त्यांनी एका डॉक्टरांची जुनी मोटार विकत घेतली आणि ते स्टेशनावरून भाडी मारू लागले. त्याच मोटारीच्या जिवावर मी मुंबईच्या कॉलेजात गेलो. आमच्या घरात कॉलेज पाहणारा मी पहिलाच. त्यामुळे ज्या कामात इंग्रजी, औषध किंवा वीज असेल ते आपोआप माझ्याकडे येई. दिव्याचे कामही तसेच आले.

एरवी एका दिव्यावर आठवडाभर भागले असते. पण त्याच सुमारास नवऱ्या मुलाची आत्या काही बोलणी करायला त्यांच्या गावाहून, मोहन्याहून, आली आणि अंगणातली मोटार पाहून उंबऱ्यातच थांबली. त्यांच्याकडे सगळ्यांत वडील तीच, आणि तिचा शब्द म्हणजे शेवटचा.

"या काण्या मोटारीतून वरात आणणार तुम्ही? माझ्या भाच्याच्या दारात काणं काही येणार नाही. दोन्ही डोळे धड असतील तर तुमची मोटार. नाहीतर आम्ही बैलगाड्या जुंपतो."

बाबा नुसते हसले. ती गेल्यावर मात्र बराच वेळ मोटारीचे बॉनेट पुसत राहिले. ते आधीच पुसलेले होते.

"जाऊ दे की बैलगाडीतून," आई म्हणाली. "मी नाही का आले?"

"तू आलीस तेव्हा तुझा बाप कुठं होता?"

"कुठं असणार? दारात. मुलीचा बाप वरातीबरोबर जातो का कधी?"

"बाप नाय जात," बाबा म्हणाले. "ड्रायव्हर जातो."

आई आत निघून गेली. मीही पुस्तकात मान घातली. शकुन-अपशकुन यांवर माझा विश्वास नाही, आणि त्या विषयावर मी बाबांना चार गोष्टी सांगणार होतो. त्या तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून, जळका बल्ब रुमालात गुंडाळून मी ठाण्याला गेलो.

ठाण्यात मोटारीचे सामान विकणारी दोन दुकाने मला ठाऊक होती. आमची गाडी जुनी, तिची बॅटरी सहा व्होल्टची. दोन्ही दुकानांत होते ते बारा व्होल्टचे बल्ब. "घेऊन जा की," दुसरा दुकानदार म्हणाला, "पेटेल." पेटला असता, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. मी घेतला नाही. पण 'नको' म्हणायला मला इतका वेळ लागला की त्याने तोवर तो कागदात बांधून ठेवला होता.

बाबा म्हणाले, "कॅम्पात बघ. लष्करानं टाकलेलं सगळं तिथं निघतं."

हळदीच्या दिवशी मी कल्याणच्या छावणीत गेलो. तिथल्या बराकींत आता फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे राहत होती. एका बराकीच्या पडवीत एक म्हातारे दुकानदार बसत. नटबोल्ट, आरसे, टायरच्या ट्यूबा असा सगळा पसारा. त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत कापसात बल्ब ठेवलेले, अंडी ठेवावीत तसे. माझा जळका बल्ब डोळ्यांजवळ धरून त्यांनी डबा चाळला आणि सहा व्होल्टचे दोन काढले. बॅटरीच्या तारा लावून दोन्ही पेटवून दाखवले.

एक होता पिवळ्या काचेचा. आमच्या उजव्या दिव्यात तसाच बल्ब होता, डॉक्टरांच्या वेळचा. म्हणजे जोड अगदी जमत होती. पण तो मध्येच मिणमिणे, मध्येच विझे, बोटाने टिचकी मारली की पुन्हा लागे. दुसरा पांढरा, स्वच्छ, डोळे दिपवणारा.

मी एकदा हा हातात घेई, एकदा तो. मोहन्याचा रस्ता अंधाराचा, मध्ये खड्डे. पिवळा वाटेतच विझला तर? पण पांढरा लावला तर दोन डोळे दोन रंगांचे. त्यावर आत्या काय म्हणेल?

"साईं, शादी किसकी है?" म्हाताऱ्यांनी शेवटी विचारले.

"बहिणीची."

"मैं समझा, बल्ब की है! अरे, जो जलता है वो ले जा."

मी पांढरा घेतला. निघताना त्यांनी तो पुन्हा कापसात गुंडाळून दिला आणि ताईसाठी आशीर्वाद म्हणून हात वर केला.

घरी पोचलो तेव्हा ताईची हळद नुकतीच आटोपली होती. बायका अंगणात गाणी म्हणत होत्या. बाबांनी बल्ब बसवला, खटका ओढला. समोरच्या कुडावर एक पिवळा आणि एक पांढरा असे दोन गोल पडले. गाणी थांबली.

"अगं बाई," काकू म्हणाली, "काणी होती ती बरी होती. ही तर तिरळी झाली!"

सगळ्या हसल्या. बाबाही हसले, पण त्यांचा हात खटक्यावर तसाच राहिला होता. मला फार वाईट वाटले. मी ताईला हळूच म्हटले, "मी चुकीचा आणला का गं?"

हळद लागलेल्या मुलीने इकडेतिकडे फिरू नये असे म्हणतात. ताई पाटावरून उठली आणि सरळ मोटारीपाशी आली. हाताला, गळ्याला, गालांना हळद. तिने उरलेल्या हळदीचा वाडगा उचलला आणि डाव्या दिव्याच्या काचेवर तळवा फिरवला.

"अगं, काय करतेस!" आई ओरडली.

"नवरीची उष्टी हळद आहे. वाया कशाला घालवू?"

पहिला थर इतका जाड झाला की उजेडच गेला. मग तिने काच पुसून काढली, हळदीत थोडे तेल कालवले आणि दोन बोटांनी पातळ सारवले. मी कुडापाशी उभा राहून सांगत होतो, "अजून थोडं. वर. नाही, जास्त झालं." माझे शिक्षण ताईच्या उपयोगी इतके कधीच पडले नसेल. शेवटी कुडावरचे दोन्ही गोल सारखे पिवळे झाले. बाबा ते पाहत कितीतरी वेळ उभे होते. "धावल अशी," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्तावर लग्न लागले. कन्यादानाचे उपरणे काढून बाबांनी खाकी टोपी घातली आणि दिवे लावले. आत्या पुढे आली. एका दिव्यासमोर उभी राहिली, मग दुसऱ्या. काच तापली होती आणि हळदीचा वास सुटला होता. तिने नाक जवळ नेले.

"मोटारीला हळद लावलीत?"

ताईची मान खाली.

"बरं केलंत," आत्या म्हणाली. "हळद लागलेलीला मागं कशी ठेवायची? चला, बसा."

पाठराखा म्हणून मी पुढे बाबांशेजारी बसलो. रस्ताभर खड्डा आला की बाबा गाडी इतकी हळू घेत की मागच्या वऱ्हाडाच्या बैलगाड्या आम्हाला गाठत आणि गाडीवान हाळी देत, "ओ डायवर, ढकलू का?"

नवऱ्या मुलाच्या घरासमोर गाडी थांबली. नवरा-नवरी उतरून दारात गेली. उंबऱ्यावर तांदळाचे माप ठेवले होते.

"दिवे घालवा आता," कोणीतरी म्हणाले. "डोळ्यांवर येतात."

"जरा थांबा," बाबा म्हणाले. "बॅटरी भरतेय."

गाडी नुसती उभी असताना दोन दिवे लावून बॅटरी भरत नाही, उलट उतरते, एवढे मला कळत होते. मी गप्प बसलो. आत्याने एकदा गाडीकडे पाहिले, आणि दारात आडवी उभी असलेली दोन पोरे तिने दंडाला धरून बाजूला केली.

त्या पिवळ्या उजेडात ताईने उजव्या पायाने माप लवंडले. तांदूळ आत सांडले. स्टिअरिंगच्या चाकावर दोन्ही हात ठेवून बाबा ते पाहत होते.