एक टकोरा म्हणजे हो

घशातली गाठ काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने जास्त ताण येतो." मी मान डोलावली. "तुमच्यासारख्या बोलक्या माणसाला जड जाईल," असंही ते म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं. जन्मभर माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. शाळेत बाकावर उभी राहिले ती बोलण्यापायी, आणि नोकरी लागली तीही बोलण्यापायीच.

घरी आले, कुलूप काढलं, पंखा लावला, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं की डॉक्टरांचं म्हणणं पाळायला मला काहीच कष्ट पडत नव्हते. समा भागातल्या माझ्या त्या दोन खोल्यांत बोलायला होतंच कोण? आईबाबा जाऊन बरीच वर्षं झाली, लग्न मी केलं नाही, भाऊ पुण्यात. इतकी वर्षं मी स्वतःला बडबडी समजत आले, पण ती सगळी बडबड ऑफिसात चालायची. घरात मी आधीपासूनच मुकी होते, डॉक्टरांनी ते फक्त कागदावर लिहून दिलं. हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, ऑपरेशनला जाताना वाटलं नव्हतं इतकं.

गोरव्याच्या एका कारखान्यात मी फोनवर बसायचे. कारखाना व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांचा, फार मोठा नव्हे, पण माल लांब लांब जायचा. इंदूरहून विचारणा आली की हिंदी, सुरतेहून आली की गुजराती, आणि कोल्हापूरचं गिऱ्हाईक असलं की मी खुर्चीत जरा ऐसपैस बसून मराठीत बोलायचे. ट्रकवाल्यांना झापायचं कामही माझंच. "तमारो अवाज ए आपणी कंपनीनो अवाज छे," असं शेठ येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर म्हणायचे, आणि मी ते ऐकलंच नाही असं दाखवून मनातून फुगायचे. त्यामुळे रजा मागताना माझा जीव खालीवर होत होता. आवाज गेला तर मी तिथे कोण, हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही, पण तो माझ्याबरोबर दवाखान्यात आला आणि माझ्याबरोबरच घरी परत आला.

रजेचा सगळा पत्रव्यवहार शेठच्या मुलाकडे. तो परदेशात शिकून आलेला, वागायला नीटनेटका. त्याला मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा यायच्या आणि मग 'नोटेड' असा एक शब्द. एकदा त्याने फुलांचा गुच्छ पाठवला, म्हणजे गुच्छाचं चित्र. त्यात त्याचं काही चुकलं असं नाही, पण त्या चित्राकडे बघून मला रडू आलं, आणि डॉक्टरांनी रडायलाही मनाई केली होती.

पहिल्या रविवारी ऑफिसातली मंडळी खबर काढायला आली. आजाऱ्याची खबर काढायला घरी जायचंच, ही इथली रीत, आणि मला ती आवडते. शहाळी आणली, बिस्किटं आणली. पण मी बोलत नाही म्हटल्यावर त्यांनाही काही सुचेना. मला ऐकू चांगलं येत होतं, तरी स्टोअरमधले भाई माझ्याशी हातवारे करून बोलू लागले. पॅकिंगमधल्या बेन मोठमोठ्याने एकेक शब्द तोडून बोलत होत्या. "बहु बोल्यां एटले आवुं थयुं," फार बोललात म्हणून असं झालं, असं कुणीतरी म्हणालं, सगळे हसले, मीही आवाज न करता हसले. निघताना दारात सगळ्यांनी 'पाछा आवीशुं', पुन्हा येऊ, म्हटलं. मी शहाळी कापून घेणार कुणाकडून, म्हणून ती किती तरी दिवस ओट्याखाली पडून होती.

शेठचं मात्र निराळं होतं. सत्तरीच्या आसपासचा माणूस, पत्नी गेलेली, रोज सकाळी कमाटीबागेत फिरायला जायचा. मेसेज हा प्रकार त्यांना मान्यच नव्हता. "मेसेज तो उघराणीवाळा मोकले. मांदा माणसने तो फोन कराय." मेसेज वसुलीवाल्यांनी पाठवावेत, मांद्या, म्हणजे आजारी माणसाला फोनच करायचा, आणि ते बोलले तसं वागले. बोलता न येणाऱ्या बाईला त्यांनी सकाळीच फोन लावला.

"बेन, केम छो? ना ना, बोलशो नहीं! टकोरा मारजो. एक टकोरो एटले हा, बे टकोरा एटले ना. बराबर?"

मी नखाने फोनवर टकटक केली. त्यांना ऐकू गेलं नाही. मग टेबलावर वाजवून पाहिलं, तेही नाही. "आवुं संभळावुं जोईए," असं ऐकू यायला हवं, म्हणत त्यांनी बसल्या जागी बागेच्या लोखंडी बाकावर बोटातली अंगठी आपटली. टण, असा स्वच्छ आवाज आला. मी धावत स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणि चमचा आणला. तेव्हापासून वाटी-चमचा फोनशेजारीच राहिले.

"चा पीधी?" एक टकोरा. "दुखे छे?" दोन. "ऊंघ आवी?" रात्री झोप लागलेली नसायची, पण मी एकच टकोरा मारायचे. अशाने त्यांचं समाधान व्हायचं आणि माझंही थोडं व्हायचं.

मला वाटलं होतं, चार दिवस करतील आणि थांबतील. मध्यंतरी घशात जाड व्रण धरला, पुन्हा छोटं ऑपरेशन झालं, पंधरवड्याची रजा महिन्यांवर गेली. पुण्याहून भाऊ सुरुवातीला व्हिडिओ लावायचा आणि दर वेळी "बोल, काय म्हणतेस?" असं विचारून जीभ चावायचा. पुढे तोही मेसेजवर आला. शेठ मात्र थांबले नाहीत. उलट त्यांचं बोलणं लांबत गेलं. आधी कारखान्यातली खबर सांगायचे. सावली गावच्या गिऱ्हाईकाने माल परत पाठवला, लेथवरच्या कारागिराच्या मुलीचं लग्न ठरलं, ट्रकवाला तुम्हाला विचारत होता. मग हळूहळू घरातलं येऊ लागलं. जेवताना मुलगा फोनमध्ये बघतो. सून चांगली आहे, पण तिच्याशी बोलायचं काय? "हुं बोलुं तो बधा घडियाळ जुए," आपण बोलायला लागलो की सगळे घड्याळ बघतात, असं म्हणून ते हसले. मी वाटी वाजवली नाही, कारण त्यांनी काही विचारलंच नव्हतं.

मागून बागेतले पोपट ऐकू यायचे, कुणीतरी जाताजाता 'जय श्री कृष्ण' म्हणायचं. मी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसून ऐकायचे. खोटं कशाला सांगू, त्या फोनसाठी मी लवकर उठून केस विंचरून बसत होते. जणू ते समोर येऊन बसणार होते. एके दिवशी ते म्हणाले, "छोकरो कहे छे, पप्पा, हवे तमे आराम करो. मारुं टेबल उपर लई गया. एसी छे. शांति छे." टेबल वरच्या मजल्यावर नेल्याचं ते आनंदाची बातमी असल्यासारखं सांगत होते. मी सावधपणे एक टकोरा मारला.

मग एका दुपारी मला राहवलं नाही. काही काम नव्हतं, कुणाशी बोलायचंही नव्हतं, फक्त माझ्या टेबलावरचा फोन कोण उचलतं ते ऐकायचं होतं. तो नंबर माझ्या जिभेवर इतका बसलेला की बोटांनी तो आपोआप फिरवला. पलीकडे आधी गाण्याची धून लागली. मग एका मुलीचा गुळगुळीत, छापील आवाज आला. ऑर्डरसाठी एक दाबा. डिस्पॅचसाठी दोन दाबा. आधी हिंदीत, मग इंग्रजीत.

एक दाबा, दोन दाबा. माझी आणि शेठची पद्धत, पण आमच्याशिवाय.

मी हट्टाने एक दाबलं. "हलो?" शेठचा मुलगा स्वतःच होता. "हलो? हलो?" मी फोन कानाशी घट्ट धरून उभी. तोंड उघडलं होतं, आणि बोलायचं नव्हतं. "कोई बोलतुं नथी," असं तो बाजूच्या कुणाला तरी म्हणाला आणि फोन ठेवला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रोज अर्धा तास बोलणारा माणूस, लेथवाल्याच्या मुलीच्या सासरचं सुद्धा सांगितलं, आणि हे सांगितलं नाही! दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी चमचा मुठीत धरूनच बसले होते. शेठ बोलत राहिले. उन्हाळा वाढला, बागेत मोर दिसला, अमक्याचा गुडघा बदलला. मी विचारू कसं? या टकोऱ्यांची खोड मला त्या दिवशी कळली. त्यांनी उत्तर देता येत होतं, विचारता काहीच येत नव्हतं. विचारणारे ते, हो-नाही म्हणणारी मी. रागाच्या भरात मी वाटी धडाधडा वाजवली.

"शुं थयुं बेन? वाटकी पडी गई?"

मी दोनदा वाजवली. नाही, पडली नाही. ते पुढे मोराविषयी बोलू लागले.

संध्याकाळी मुलाला मेसेज लिहिला. चार वेळा लिहिला, तीन वेळा खोडला. शेवटी एवढंच ठेवलं, की परत आल्यावर मी फोनवरच बसणार ना? निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला. 'वी विल डिस्कस व्हेन यू रिझ्यूम. टेक केअर.' पुढे हसरा चेहरा. आपण सविस्तर बोलू असं ज्याला बोलायचं नसतं तोच म्हणतो, हे मी ट्रकवाल्यांना इतकी वर्षं सांगितलेलं. त्यामुळे मला अर्थ लावायला वेळ लागला नाही. फक्त मानायला वेळ लागत होता. शेठ आहेत, असं मी स्वतःला बजावत राहिले. शेठनी मला ठेवलं, शेठ मला काढणार नाहीत.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी आरशाने घसा पाहिला आणि म्हणाले, "आता दिवसातून पाच मिनिटं बोला. हळू, वरचा सूर न लावता." बाहेर पडल्यावर रिक्षावाल्याला पत्ता सांगावा असं ओठांवर आलं, पण मी फोनवर लिहून दाखवला. पहिले शब्द मला रिक्षावाल्यावर खर्चायचे नव्हते. भावाला फोन करावा असंही वाटलं, तोही केला नाही. घरी येऊन ओट्यासमोर उभी राहिले आणि जे विचारायचं होतं ते गॅसच्या शेगडीला विचारून पाहिलं. जो आवाज निघाला तो माझा नव्हता. खालचा, खरखरीत, वाळू मिसळल्यासारखा. हा आवाज घेऊन कोण मला इंदूरशी बोलायला बसवणार, हे मला तिथेच कळायला हवं होतं. पण मी वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, पाच मिनिटं संपेपर्यंत.

सकाळी फोन वाजला. पोपट होते, कुणाचं तरी 'जय श्री कृष्ण' होतं.

"बेन, केम छो? चा पीधी?"

वाटी समोर होती. मी तिला हात लावला नाही.

"शेठ," मी म्हणाले, "मारी जग्या हजी छे?"

माझी जागा अजून आहे ना, एवढंच. आवाज आला म्हणून त्यांनी आनंद दाखवला नाही, अभिनंदन केलं नाही. बहुधा आवाज परत येईपर्यंतच हे सगळं झाकून राहणार होतं, आणि तो इतक्यात येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. चालून आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा, थोडा अडकणारा. मी थांबले. मला वाटलं, आता समजावतील, मुलाचं नाव सांगतील, दुसरं काही काम देऊ म्हणतील. मी सगळ्यासाठी तयारी केली होती.

टण, असा आवाज आला. आणि थोड्या वेळाने पुन्हा, टण.

जो माणूस इतके महिने माझ्याशी बोलत राहिला, त्याला 'ना' हा एक शब्द तोंडाने म्हणता आला नाही. मला राग आला. आतापर्यंत आला नव्हता असा राग आला. मला ओरडायचं होतं, त्यांच्या मोराचं आणि एसीचं काय करायचं ते सांगायचं होतं, आणि पाच मिनिटांतली जवळजवळ सगळी शिल्लक होती. पण फोन त्यांनी ठेवला नाही. मीही ठेवला नाही. वरच्या मजल्यावर नेलेलं त्यांचं टेबल माझ्या डोळ्यांपुढे आलं, शांत खोलीतलं, ज्यावर फोन नाही. खाली सोसायटीत कचऱ्याची गाडी आली, तिचं गाणं वाजून गेलं, तरी आम्ही दोघं तसेच.

मग ते म्हणाले, "बेन, काले फोन करुं?"

उद्या फोन करू का, हे ते इतक्या हळू म्हणाले, की उत्तर काय येईल याची त्यांना खात्री नसावी. मला आता बोलता येत होतं. तरी मी चमचा उचलला आणि वाटीवर एकदाच मारला.