सतरा नंबरचा बिल्ला

हसणार नसाल तर सांगतो. हसलात तरी सांगणारच आहे म्हणा, कारण पोटात ठेवून ठेवून मलाच मळमळायला लागलंय.

आमचा नंदुरबारला मिरची पावडरचा कारखाना. आमचा म्हणजे मालकांचा, मी आपला पॅकिंग खात्यात. एके दिवशी मालकांच्या मुलीने शहरातून एक फॉर्म पाठवला, 'आपली संस्था मूल्यांवर चालते का?' वीस प्रश्न. मॅनेजरसाहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, "ही पाहणी कोण करणार?" त्याच क्षणी मी दुसऱ्या चहासाठी हात वर केला होता. साहेब म्हणाले, "शाब्बास पाटील!" आणि चहासुद्धा मिळाला नाही.

पण एकदा जबाबदारी पडली की मला चैन पडत नाही, हा माझा जुना रोग. जेवताना घास हातात आणि डोळे लोकांच्या डब्यावर. याच्या डब्यातली मिरची गोदामातली तर नाही? तो फोनवर इतकं हळू का बोलतो? सुनंदाताई आमच्या खात्यातल्या, तोंडाच्या फटकळ. त्या म्हणाल्या, "आप्पा, खाली बठा बरं. चार दिन व्हई गयात, नुसत्या येरझारा घाली ऱ्हायनात."

बसतो कसला? पाचव्या दिवशी मला गेटवरचं रजिस्टर सापडलं.

गेटवर शमुवेलकाका. विसरवाडीकडचे, रोज पहिल्या एसटीने येतात. अकरा वर्षं कंत्राटावर काढली, आता कुठे त्यांना कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर आला होता. आत येणाऱ्याची वेळ तेच लिहितात. नावं लिहीत बसलं तर गेटवर रांग लागते, म्हणून फक्त बिल्ल्याचा नंबर आणि वेळ. कामाची वेळ साडेनऊ. मी स्वतः वेळेवरच असतो. वाटेत मिरची बाजाराजवळ चहाला पाच मिनिटं थांबतो, तेवढंच. काका लांबूनच हात करतात, "या भाऊ, मी लिखी लेस." किती अदबीचा माणूस!

तर रजिस्टर चाळताना माझ्या अंगावर काटा आला. लोक आले त्या क्रमाने नोंदी होत्या. नऊ वीस, नऊ पंचवीस, नऊ चाळीस, दहा पाच. आणि त्याच्या खाली, सतरा नंबर, साडेनऊ. दहा पाचनंतर साडेनऊ? पान उलटलं, तेच. महिना उलटला, तेच. या सतराच्या घड्याळाचे काटे उलटे फिरत होते की काय?

त्या रात्री मला झोप लागली नाही. हा सतरा रोज उशिरा येतो, रोज खोटी वेळ लावून घेतो, आणि मी मात्र इमानाने मरतो! सकाळी लाल पेनाने दोन पानी अहवाल लिहिला. शेवटचं वाक्य तर मला इतकं आवडलं की दोनदा मोठ्याने वाचलं, 'अशा माणसाला संस्थेत क्षणभरही थारा देऊ नये.'

साहेबांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. मी अहवाल वाचला. आवाज चांगला लागला होता. साहेब गंभीर झाले. म्हणाले, "सतराचं नंतर बघू. पण खोटी वेळ ज्याने लिहिली, त्याला कायम करायचा कागद मी कसा पाठवू? काका, कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंत?"

काका खाली बघत उभे. मला सतरा पकडायचा होता, काकांना बुडवायचं नव्हतं हो. मी धावत त्यांच्याजवळ गेलो. "काका, सांगून टाका. असल्या माणसापायी अकरा वर्षं पाण्यात घालता?"

"ऱ्हाऊ द्या ना भाऊ," काका हळूच म्हणाले. "मानूस वाईट नई शे तो. फक्त त्याले उशीर व्हस."

हे ऐकून तर मी पेटलोच. साहेबांना म्हटलं, "एकेकाचा बिल्ला बघा. जो बिल्ला लपवेल तोच सतरा!"

सगळ्यांनी बिल्ले पुढे केले. एक, दोन, तीन करत तीस बिल्ले झाले. आम्ही माणसं एकतीस.

"आप्पा," सुनंदाताई म्हणाल्या, "तुमना बिल्ला कोठे शे?"

"माझा ना? घरी खिळ्याला टांगलाय. मला काय गरज? काका ओळखतात मला."

"नंबर काय शे त्याना?"

नंबर कोणाच्या लक्षात राहतो? मी ऐटीत बायकोला फोन लावला. साहेब म्हणाले, "सगळ्यांना ऐकू येऊ द्या." मी स्पीकर लावला.

"सतरा लिखेल शे," बायको म्हणाली. "काबर, आजबी दहाच वाजनात का?"

अंगणात कोणी शिंकलंसुद्धा नाही. मिरचीच्या कारखान्यात, बघा.

मी काकांकडे पाहिलं. "काका, मी कधी सांगितलं होतं असं लिहायला?"

"पहिलाच वरीसले, भाऊ. तुम्हीच म्हनेल व्हतं, काका, मन्हं साडेनऊ लिखत जा, मी पाच मिनिटमा उना समजा."

म्हटलं होतं. शब्द न् शब्द आठवला. मी त्या पाच मिनिटांची गोष्ट विसरलो आणि काकांनी इतकी वर्षं शब्द पाळला. लाज वाटली, खरंच सांगतो. अहवालाच्या खाली तिथल्या तिथे लिहून दिलं, 'सतरा म्हणजे मी. खोटी वेळ माझ्या सांगण्यावरून लिहिली. काकांना कायम करावे.' वरचं ते थाऱ्याचं वाक्य खोडायला गेलो तर साहेबांनी पेन काढून घेतला. म्हणाले, "राहू दे पाटील, अक्षर छान आहे." काकांना ताकीद मिळाली, पण त्यांचा कागद त्याच दुपारी गेला. मला महिनाभर नऊ वाजता गेटवर येऊन काकांशेजारी बसायची शिक्षा झाली.

आता उरला तो फॉर्म. सही करून परत पाठवायचा होता आणि विसावा प्रश्न कोरा होता, 'आपण आपल्या सहकाऱ्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवाल का?'

मी लिहिलं, 'होय. सतरा नंबर सोडून सगळ्यांवर.'