शून्याखालचा काटा आणि मिस्त्रींची मिशी

आमच्या नाटक कंपनीत राजाचं काम मी करत असे, पण खरा राजबिंडा माणूस ट्रकखाली उताणा पडलेला असायचा. तो म्हणजे ट्रकचे मिस्त्री. अंगात तेलकट डांगरी, खिशात पाना आणि नाकाखाली वीस वर्षं जोपासलेली मिशी. काम करताना ग्रीस लागू नये म्हणून तिची दोन्ही टोकं ते कानांवर अडकवून ठेवत.

ट्रक चालवायचा त्यांचा मेहुणा. दोघांचं भांडण एकाच वस्तूवरून, ती म्हणजे गेज. इंजिनात हवा शिरते त्या मॅनिफोल्डमधला दाब दाखवणारं हे गेज मिस्त्रींनी स्वतः बसवलेलं, आणि आल्यागेल्याला ते नातवाचं कौतुक सांगावं तसं दाखवायचे.

त्या सकाळी राजवाडा, जंगल आणि सिंहासन ट्रकमध्ये चढलं होतं. घाटापलीकडच्या गावात संध्याकाळी प्रयोग होता. मेहुण्याने इंजिन चालू केलं आणि ओरडला, "भावोजी, तुमचं गेज वारलं! गाडी जागेवर उभी आणि काटा शून्याखाली!"

मिस्त्री धावले. काटा खरंच शून्याखाली थरथरत होता.

"डिझेलचं इंजिन उभ्या गाडीत मोकळा श्वास घेतं," ते मला म्हणाले. "काटा शून्यावर निवांत बसायला हवा. खाली गेला म्हणजे कुणीतरी गाडीचं नाक दाबलंय."

"नाकबिक काही नाही, गेज बिघडलंय," मेहुणा म्हणाला. "उपटून फेका आणि निघू."

"आणि घाटात दम कोंडला तर राजवाडा डोक्यावर नेशील?"

"लावा पैज! गेज खोटं निघालं तर मिशी उतरवायची."

मिस्त्रींची बायको गॅरेजच्या दारात रॉकेलमध्ये नटबोल्ट धूत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "लाव रे लाव! वीस वर्षं चहात तीच बुडलेली बघतेय मी."

"घरातच फितुरी!" मिस्त्री गरजले. "लागली पैज. गेज खरं निघालं तर रोज सकाळी त्याला सलाम ठोकायचास."

त्यांनी इंजिन बंद केलं. काटा मुकाट्याने शून्यावर. चालू केलं, पुन्हा खाली. मेहुणा म्हणाला, काटा अडकत असेल. तेव्हा मिस्त्रींनी गेजची नळी सोडवली, तोंडात धरली आणि फुंकर मारली. गाल फुगले, मिशी कानांवरून सुटून पंखासारखी पसरली आणि काटा वर चढला. मग त्यांनी हवा ओढली. काटा खाली, आणि मिशीचं एक टोक नळीत! बायकोला इतकं हसू फुटलं की रॉकेलचा डबा लवंडला.

"गेज धडधाकट आहे!"

"मग नाक कुणी दाबलंय ते दाखवा. तोवर पैज उभी," मेहुणा हटेना.

नळी परत जोडून मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवलं आणि एअर फिल्टरचं झाकण उघडलं. फिल्टर स्वच्छ. पण झाकण उघडताच काटा शून्यावर आला. "म्हणजे बोळा फिल्टरच्याही आधी," असं म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं आणि वाकवलेली तार घेऊन ते केबिनमागच्या उभ्या पाइपाकडे चढले.

इथे मी दोन पावलं मागे सरकलो. तो पाइप हवा आत ओढतो. त्याचं टोपण कधीच उडून गेलेलं. इंजिन चालू असताना त्याच्या तोंडाशी काही टांगलं तर ते छान फडफडत दहा मिनिटांत वाळतं, हा माझा शोध. आदल्या दिवशी राजाची मिशीसकट पांढरी दाढी धुऊन मी तिथेच टांगली, तेवढ्यात मॅनेजरने हाक मारली. परत येतो तर दाढी गायब. तेव्हापासून मी कपडेपटवाल्याला फैलावर घेत होतो.

तार आत गेली. बाहेर एक पांढरा झुपका आला.

"मांजर!" मेहुणा किंचाळला.

"मांजर कसलं, कुणीतरी म्हातारा आहे आत!" बायको म्हणाली.

मिस्त्रींनी हातभर दाढी ओढून काढली, तिची लक्तरं झाली होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "राजेसाहेब, आपली का?"

"माझीच," मी म्हणालो. इतक्या बारीक आवाजात मी रंगभूमीवर मरतानाही बोललो नव्हतो.

फिल्टरचं झाकण परत लागलं, इंजिन चालू झालं. काटा शून्यावर. मेहुण्याने असा कडक सलाम ठोकला की हात केबिनच्या छताला आपटला.

मिशी वाचली, पण राजा बोडका राहिला. आमच्या नाटकात वेषांतर करून आलेल्या राजाला राणी दाढीमिशीवरूनच ओळखते, आणि सगळा तिसरा अंक त्यावर उभा. मॅनेजर डोकं धरून बसला. मिस्त्रींनी मिशीवरून एकदा हात फिरवला.

"कात्री दे गं," ते म्हणाले.

"अहो, पैज जिंकलात ना तुम्ही!"

"म्हणून तर देतोय. हरलो असतो तर ती नुसती गेली असती."

"राहू द्या हो," बायको हळूच म्हणाली. वीस वर्षांत पहिल्यांदा ती मिशीच्या बाजूने बोलली असावी. पण कात्री चालली होती.

मिस्त्री नवरा-बायकोही गाडीत बसले आणि घाट गाडीने धापा न टाकता पार केला. संध्याकाळी मी मिस्त्रींची मिशी लावून उभा राहिलो. डिझेलच्या वासाने राणी भेटीच्या प्रवेशात तीनदा शिंकली. प्रेक्षकांना वाटलं हुंदके आहेत. सगळं नाट्यगृह रडलं.

मिस्त्रींची बायको मात्र रंगमंचाकडे बघतच नव्हती. ती शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे टक लावून बघत होती. प्रयोग संपल्यावर ती मला म्हणाली, "ह्यांना वरचा ओठ आहे हो! आणि चांगला आहे."

मिस्त्रींनी मिशी पुन्हा कधीच वाढवली नाही.