तीन जहाजं आणि एक शून्य

नदीवरच्या जहाजात आठवडाभर राहायला लोक पैसे मोजतात, ही बातमी आमच्या घरात मुलीच्या फोनवरून आली. मुलगी नागपूरला असते आणि आईबापांना सुखी करण्याचे नवेनवे उपाय तिला सुचत असतात. त्याआधीचा उपाय पाठ रगडणारं यंत्र हा होता. ते सध्या माळ्यावर सुखात आहे. या वेळी तिने व्हिडिओ पाठवला. गंगेत एक पांढरंशुभ्र जहाज, त्याच्या गच्चीवर वेताच्या खुर्च्या, खुर्च्यांत आमच्याच वयाची माणसं, आणि काठावरची झाडं हळूहळू मागे सरकताहेत. मी पाहिला, "छान आहे" म्हणालो आणि माझ्यापुरता विषय संपवला. बायकोने तो पाच वेळा पाहिला.

"मले जायचं हाये," ती म्हणाली.

हे वाक्य मी तिच्या तोंडून लग्नानंतर फारदा ऐकलेलं नाही. ती वैनगंगेच्या पलीकडच्या गावची. पूल नव्हता तेव्हा माहेरी जायचं म्हणजे डोंग्यात बसायचं आणि समोरच्या काठाला उतरायचं, एवढाच तिचा नदीशी संबंध. "जलमभर नदी रुंदीनंच पाहिली," ती म्हणाली. "एक डाव लांबीनं जाऊन पायतो." आणि तिला घाईही होती. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करावं लागणार, फार तर वर्ष-दीड वर्ष काढता येईल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. जहाजावर चढायला फळी असते, आत जिने असतात, हे तिने व्हिडिओत बारकाईने पाहिलं होतं. ऑपरेशननंतर पाय कसे राहतील याची खात्री नाही, तेव्हा चालता येतंय तोवर जाऊन यायचं, असं तिचं सरळ म्हणणं.

"जाऊ ना," मी म्हणालो. "पण आधी भाव पाहू."

इथे माझा धंदा सांगितला पाहिजे. तुमसरच्या एका राईस मिलसाठी मी पस्तीस वर्षं धान खरेदी केलं. भंडाऱ्याहून सकाळची एसटी पकडायची आणि दिवसभर बाजाराच्या आवारात ढिगांमधून फिरायचं. पोत्यात टोकदार नळी खुपसून नमुना काढायचा, दाणे तळहातावर चोळायचे, फुंकर मारून फोल उडवायचं आणि एक दाणा दाढेखाली धरायचा. 'कट्ट' वाजला तर माल वाळलेला, नुसता दबला तर ओला. या दाढेचा तालुक्यात दबदबा होता. दुसरा नियम याहून महत्त्वाचा. सकाळी आलेल्या ट्रॅक्टरचा सौदा सकाळी करायचा नाही. आवार भरू द्यायचं, ऊन चढू द्यायचं. मालवाल्याला घरची ओढ लागली, की आपण चहा पिऊन सावकाश त्याच्याकडे जायचं. तोवर भाव आपोआप खाली आलेला असतो.

अशा अनुभवी माणसाला चार रंगीत कागद पाठवून कोणी जहाज विकू शकेल, हा त्या कंपन्यांचा गैरसमज होता. मी लांब रेघांची वही काढली, पट्टी घेऊन रकाने पाडले आणि तीन कंपन्या एकमेकींसमोर उभ्या केल्या. त्यांची खरी नावं उच्चारताना जीभ अडखळे, म्हणून मी घरगुती नावं ठेवली. पहिली राजवाडा, दुसरी योगवाली, तिसरी सासुरवाडी. रुपयांत मला भाव नीट कळत नाही, म्हणून सगळं धानात मांडलं. दोन माणसांचे राजवाड्याचे दोनशे क्विंटल, योगवालीचे एकशे साठ, सासुरवाडीचे एकशे तीस.

राजवाड्याच्या पुस्तिकेत 'सर्व काही समाविष्ट' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. 'काही'वर एक बारीक तारा होता. तो तारा शोधत मी शेवटच्या पानावर गेलो, तर तिथे मुंगीच्या अक्षरांत समाविष्ट नसलेल्या गोष्टींची यादी, आणि ती समाविष्ट यादीपेक्षा लांब. कपडे धुणं वेगळं, बक्षिसी वेगळी, मंदिरातलं दर्शन वेगळं. मात्र उशांचे सात प्रकार फुकट. एका डोक्याने आठवड्यात सात उशा कशा संपवायच्या, याबद्दल कंपनीने मार्गदर्शन केलेलं नव्हतं. शिवाय जास्तीचे पैसे भरले तर 'भातशेतीचा प्रत्यक्ष अनुभव' मिळणार होता. जवळच्या गावात नेणार, चिखलात उतरवणार, रोपं हातात देणार आणि फोटो काढणार. हे मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

"पैसे देऊन रोवना कराचा?" ती म्हणाली. "माह्ये गुडघे गेले तेच्यातच. त्यायलेच मांगा पैसे."

योगवालीकडे सूर्योदयाला योग, दुपारी तेलमालिश आणि संध्याकाळी मनःशांतीवर व्याख्यान होतं. जेवण सात्त्विक होतं, म्हणजे कांदा-लसूण नाही. आठवडाभर कांद्यावाचून ठेवून वर शांतीवर व्याख्यान द्यायला धैर्य लागतं. त्याचे मी दोन गुण दिले. सासुरवाडीचं जहाज जुनं आणि लहान. तिच्या यादीत एक छत्री, दोन टॉवेल, रोज दोन कपड्यांची धुलाई, तीन गावांच्या भेटी आणि 'सकाळचा चहा आपल्या खोलीच्या दाराशी' असे किरकोळ प्रकार होते. प्रत्येकापुढे मी त्याची बाजारातली किंमत लिहिली. छत्रीला काही मिळालं, टॉवेलला काही मिळालं. चहापुढे मी शून्य लिहिलं. चहा तर घरीही होतो, त्याचे पैसे कसले?

मग फोन. सासुरवाडीची बाई फारच गोड बोलणारी होती, त्यामुळे मी सावध झालो.

"सर, डिसेंबरसाठी फक्त दोन केबिन उरल्यात," ती म्हणाली.

मला हसू आलं. शेवटची दोन पोती उरली असं मला पस्तीस वर्षं रोज कोणी ना कोणी सांगत असे. मी म्हणालो, "आधी नमुना पाठवा."

"कशाचा नमुना, सर?"

"जहाजाचा."

मग तिने खोलीचा व्हिडिओ पाठवला. व्हिडिओत गादी दाबून पाहता येत नाही, पाणी चाखता येत नाही आणि दाढेचा तर काहीच उपयोग नाही. मी तो नमुना नाकारला.

नमुन्याशिवाय सौदा नाही म्हटल्यावर मीच एक तोड काढली. भंडाऱ्याजवळ वैनगंगेत धरणाचं पाणी तुंबलेलं आहे, तिथे हौशी लोकांसाठी मोटारबोट चालते. एका रविवारी मी बायकोला तिथे घेऊन गेलो. आम्हाला नारिंगी जाकिटं घातली, बोट भर्रकन मध्यापर्यंत गेली, एक गोल फिरली आणि परत आली. मी घड्याळ लावलंच होतं, वीस मिनिटं. नदी ती नदीच, पाणी ते पाणीच, आणि भाव म्हटलात तर एक पायलीसुद्धा नाही. मी तिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ती माझा खांदा धरून, एकेक पाय टाकत उतरत होती.

"आलो ना वापस," ती म्हणाली. "हे तं रुंदीनंच झालं."

तो हिवाळा तुलनेतच गेला. मी आवार भरायची वाट पाहत होतो. भाव आज ना उद्या पडणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पडला मात्र नाही, वाढतच गेला. हे मला पटेना. बाजारात दिवस चढतो तसा माल वाढतो, हे मी ओळखून होतो. जहाजात दिवस चढतो तशा खोल्या कमी होतात, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला होळी उजाडावी लागली. तेव्हाही मी चूक कबूल केली नाही. व्यापाऱ्यांनी संगनमत केलंय, असं मी घरात जाहीर केलं.

आणि मे महिन्यात माझा नियम खरा ठरला! राजवाडा कंपनीचा अर्धा भाव! मी वही घेऊन स्वयंपाकघरात धावलो. शेवटच्या पानावर तारा होताच. उन्हाळ्यात नदीला पाणी नसल्यामुळे जहाज एकाच जागी उभं राहणार होतं, आणि स्थलदर्शनाला वातानुकूलित बसने नेणार होते. मला यातही फायदा दिसला, हे आज लिहिताना लाज वाटते. सात उशा तर मिळणारच होत्या.

"उभ्या जहाजात राहाचं, अन् बसनं फिराचं," बायको पोळी लाटता लाटता म्हणाली. "मंग येवढ्या लांब कायले जाचं? बस स्टँड तं इथंच हाये." ती पोळ्या आता स्टुलावर बसून लाटायची. हे स्टूल स्वयंपाकघरात कधी आलं, ते माझ्या लक्षात आलेलं नव्हतं.

त्यानंतर तिने जहाजाचा विषय काढला नाही. मला वाटलं, हौस फिटली. मी मात्र वही सोडली नाही. एव्हाना मला तुलनेतच गोडी लागली होती. पुढच्या मोसमाचे नवे दर आले, मी नवे रकाने पाडले, योगवालीने कांदा सुरू केल्याबद्दल तिचा एक गुण वाढवला. शेजारीपाजारी सल्ला विचारायला येऊ लागले. जहाजाचं तोंड न पाहता मी भंडाऱ्यातला जहाजांचा जाणकार झालो.

दिवाळीनंतर एका सकाळी सानगडीची मेहुणी बॅग घेऊन दारात उभी राहिली. ती बायकोची धाकटी बहीण, एकटीच राहते. मी म्हणालो, "या या, किती दिवस मुक्काम?" तिने माझ्यामागे घरात पाहिलं. आतून बायकोही बॅग घेऊन आली.

"आमी जाऊन राहिलो," बायको म्हणाली.

"कुठं?"

"लांबीनं."

मुलीने फोनवरूनच तिकिटं काढली होती, बायकोच्या नावावर बँकेत असलेल्या, बायकोच्याच पैशांतून. कंपनी सासुरवाडी. मी वही आणायला उठलो, कारण सासुरवाडीचे या वर्षीचे दर मला पटलेले नव्हते आणि 'फक्त दोन केबिन उरल्यात' या त्यांच्या बोलण्याविषयी काही शंकाही होत्या.

"मी पन येतो की," मी म्हणालो. "थांब जराशी. आपन दोघं जाऊ."

"लय थांबली मी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमी भाव पाहा आरामशीर." ऑटोवाला बाहेर वाट पाहत होता. बहिणीचा हात धरून ती ऑटोत चढली, आधी उजवा पाय, मग डावा हाताने उचलून. मी फाटकाशी उभा होतो. आवारात उन्हातान्हात ताटकळलेली माणसं दिवस मावळल्यावर न विकताच ट्रॅक्टर माघारी फिरवत, तेव्हा मी मिलमालकाला म्हणत असे, जाऊ द्या, उद्या येतील. त्या दिवशी तसं म्हणवेना. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना.

जाण्यायेण्यासकट दहा दिवस मी घरात एकटा होतो. चहा मी चौकातल्या टपरीवर घेत होतो. त्याची तुलना करण्यासारखं आसपास दुसरं काही नव्हतं. बायकोने एकच फोटो पाठवला. त्यात ती नव्हती, नुसतं पाणी होतं, लांबच लांब.

ती परत आली तेव्हा मी स्टेशनवर गेलो होतो. घरी पोचेपर्यंत दम धरला आणि मग वही उघडली. धुलाई खरंच फुकट होती का? छत्री ठेवून घेतात की परत मागतात? टॉवेल कसल्या सुताचे? जेवणात तांदूळ जुना की नवा? तिला यातलं काहीही आठवत नव्हतं. छत्री तर ती जहाजावरच विसरून आली होती.

"अवं, मंग आवडलं काय तुले?" मी वैतागून विचारलं.

ती थोडा वेळ गुडघे चोळत बसली. "सकाळी दार वाजे," ती म्हणाली. "उघडलं का चाय. बाहेर पानी, अन् हातात चाय. कोनाले द्याचा नाही, कोनासाठी उठाचं नाही. नुसती पेत बसो." मग माझ्या वहीकडे हात केला. "तुमी त्याच्यापुढं शून्य लिवलं होतं ना, ते पाहूनच मी ती कंपनी घेतली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा पेपर उघडून बसलो होतो. स्वयंपाकघरात स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग भिंतीला धरत येणारी पावलं, आणि कपबशी माझ्यासमोर आली. बेचाळीस वर्षं ती तशीच येत होती. कुठल्याही रकान्यात मी ती धरलेली नव्हती.

"उद्यापासून चहा मी करत जाईन," मी म्हणालो.

"काहून येवढी घाई?" ती म्हणाली. "आधी तीन-चार दुकानची चायपत्ती पाहा, भाव काढा, नमुना मांगवा."

मी पेपर ठेवला आणि उठलो. दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्यात अर्थ नव्हता, तिचा स्वतःचा चहा अजून व्हायचाच होता. तिला खुर्चीवर बसवलं आणि आत गेलो. पातेलं सापडलं, गॅस पेटला. साखरेचा डबा कुठे असतो, ते मात्र तिला हाक मारून विचारावं लागलं.