दोन दिवस हात लावायचा नाही

दाणेवाल्या काकूंना कुणी ‘हे जमायचं नाही’ म्हटलं की झालं! मग घरातल्यांनी जपूनच राहायचं. या वेळी तसं म्हणाला चौकातला दुकानदार. काकूंनी केलेल्या पीनट बटरच्या बरण्या त्याने काउंटरवर ओळीने मांडल्या. प्रत्येकीत वर बोटभर तेल आणि खाली नुसता दगड.

“काकू, गिऱ्हाइकाने काय चमचे मोडत बसायचं? सगळे घालतात तसं वनस्पती तूप घाला. शेवटची संधी देतो. पंधरा दिवसांत एक डझन आणा, महिनाभर फळीवर ठेवतो. तेल वर आलं, तर पुन्हा येऊ नका.”

“वनस्पती? मेले तरी घालणार नाही!”

काकूंचा नवरा गवंडी. मध्यंतरी त्याच्या हृदयाने दगा दिला, डॉक्टरांनी वनस्पती तूप बंद केलं, तेव्हापासून काकू घरीच दाणे दळू लागल्या. जे नवऱ्याच्या पावाला लावणार नाही, ते दुसऱ्यांच्या पोरांना विकायचं? छट्!

उपाय त्यांनी शोधून काढला. वनस्पती तुपासारखी हायड्रोजनची प्रक्रिया न केलेलं, मुळातच घट्ट असणारं पाम तेल मिळतं. ते अगदी थोडं, गरम दाण्यांबरोबर विरघळवून बारीक दळायचं. मग पातेलं गार पाण्यात ठेवून ढवळत राहायचं. झटपट निवलं की त्या घट्ट तेलाचे बारीक कण धरतात आणि दाण्याचं तेल त्यांत अडकून बसतं. काकूंनी सगळं सगळं तसंच केलं. तरी चौथ्या दिवशी तेल वर! दोनदा केलं, दोन्हीदा तेच. आता मुदतीत एकच घाणा बसत होता.

काकू रडकुंडीला आल्या. त्यात नणंद दर तासाला यायची, “वहिनी, बघू गं, घट्ट झालं का,” म्हणत बरणी तिरकी करायची. काकूही काही कमी नव्हत्या, चमचा खुपसून बघायच्या. शेवटी नवरा खेकसला.

“अगं, स्लॅब ओतल्यावर त्यावर कुणी नाचतं का? धरू दे की त्याला!”

काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: कण नीट धरायच्या आधीच बरण्या हलवून आपणच ते मोडत होतो! इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाचं एक वाक्य कामाचं निघालं!

तिसऱ्या घाण्याच्या बरण्या भरल्या त्या थेट कपाटात. कुलूप लावलं. नणंद दोन दिवस कपाटाभोवती घुटमळत होती, पण काकूंनी किल्ली काही दिली नाही. स्वतःचाही जीव टांगणीला लागला होता, तरी कपाट उघडलं नाही.

मग डझनभर बरण्या दुकानात पोचवल्या आणि महिन्याने त्या पुन्हा तिथे गेल्या. दुकानदाराने फळीवरची बरणी उजेडात धरली. वर थेंब नाही. झाकण काढून चमचा घातला, तो तळापर्यंत अलगद गेला.

“वनस्पती घातलंतच ना शेवटी?”

“बरणीवर लिहिलंय. वाचा. मोठ्याने वाचा!”

“शेंगदाणे, मीठ, पाम तेल...” त्याचा आवाज बारीक झाला. रांगेतली एक बाई म्हणाली, “मला दोन द्या.” तिच्या मागचीही पुढे सरकली.

काकूंनी महिनाभर एकेक खरमरीत उत्तर घोळवून ठेवलं होतं. पण त्यांना भर दुकानात आनंदाने हुंदकाच फुटला.

“अहो काकू, तीन डझन आणा,” दुकानदार गडबडून म्हणाला, “पण रडू नका हो!”